तानपुरा मागे, लहरा पुढे : अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांची ‘जर्नी इन सच्चिदानंद’

जाझ आणि भारतीय संगीत यांचा मिलाफ म्हणून आजवर जे विकले गेले, त्यातील बऱ्याचशा ध्वनिमुद्रिकांचा हिशेब सोपा असतो : जाझचा वाद्यवृंद आहे तसाच ठेवायचा, शेजारी सतार-तबला आणून बसवायचा, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाजवायचे आणि शेवटी एकत्र तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणे) घेऊन टाळ्या मिळवायच्या. ‘इम्पल्स’ कंपनीने १९७१ साली काढलेली अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांची ‘जर्नी इन सच्चिदानंद’ ही ध्वनिमुद्रिका या हिशेबात बसत नाही. तीत सतार नाही आणि तबलाही नाही. ठळकपणे भारतीय म्हणावे असे वाद्य एकच, ते म्हणजे तानपुरा. आणि या संगीतातले भारतीयपण शोधायचे झाले तर ते त्या तानपुऱ्यात सर्वांत कमी आहे, असे माझे मत आहे. ते दुसरीकडे आहे आणि पुष्कळ आहे.

अ‍ॅलिस यांचा जन्म १९३७ सालचा, डेट्रॉइटचा. लहानपणापासून चर्चमध्ये ऑर्गन, पुढे जाझ पियानो, १९६६ पासून पती, विख्यात जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या संचात पियानोवादन, आणि १७ जुलै १९६७ रोजी जॉन यांचे निधन, हा त्यांचा इथवरचा प्रवास. जॉन यांना भारताची ओढ आधीपासून होती. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या जाझ क्लबमध्ये त्यांनी ‘इंडिया’ ही रचना वाजवली होती, आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी पंडित रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले होते. त्यांनी हौसेने मागवलेली हार्प (उभ्या चौकटीतले, बोटांनी छेडायचे पाश्चात्त्य तारवाद्य) मात्र त्यांच्या पश्चात घरी पोहोचली. पती गेल्यानंतरच्या अतिशय कठीण काळात अ‍ॅलिस यांना स्वामी सच्चिदानंद भेटले. हे कोइमतूरकडचे संन्यासी. १९६९ च्या वुडस्टॉक या रॉक संगीताच्या महोत्सवाच्या आरंभी त्यांनी केलेल्या भाषणामुळे अमेरिकेत घरोघरी माहीत झालेले. ध्वनिमुद्रिकेच्या नावातला सच्चिदानंद एकाच वेळी हे गुरूही आहेत आणि उपनिषदांतले तत्त्वही. (मराठी वाचकाला या नावासरशी ज्ञानेश्वरीचे लेखनिक सच्चिदानंदबाबा आठवतील. त्यांचा इथे काही संबंध नाही, पण गुरूचे शब्द उतरवून घेणाऱ्याची भूमिका अ‍ॅलिस यांनाही परकी वाटली नसती.)

पहिलीच, शीर्षकाची रचना बारकाईने ऐकावी. आरंभी तुलसी यांचा तानपुरा सुरू होतो. आपल्या बैठकीतल्यासारखा तो संथपणे भरत जात नाही. त्याचा झणत्कार अधिक मोकळा आणि थोडा घाईचा आहे. मग सेसिल मॅकबी यांचा डबल बेस (व्हायोलिनच्या जातीचे, खर्जातले मोठे वाद्य) येतो आणि काही मोजक्या स्वरांची, कोमल गंधाराच्या वळणाची एक ओळ धरतो. ती ओळ तो सोडतच नाही. तीच पुन्हा, तीच पुन्हा, कुठे एखादा स्वर रेटून तर कुठे किंचित उशिरा. एकल तबलावादन ऐकलेल्या श्रोत्याला हे काय चालले आहे ते सांगावे लागू नये : हा लहरा आहे. सारंगी किंवा पेटी आवर्तनभर एकच धून फिरवत राहते आणि त्या फिरत्या जमिनीवर तबलजी आपले घर बांधतो, तेच काम इथे बेस करतो आहे. षड्जाची जाणीवही श्रोत्याला तानपुरा नव्हे, बेसच करून देतो. तानपुरा काढून घेतला तर वातावरण विरळ होईल; बेस काढून घेतला तर रचनाच उरणार नाही.

याच जमिनीवर अ‍ॅलिस यांची हार्प उतरते. या वाद्याला सत्तेचाळीस तारा आणि पायाशी सात खटके असतात. एक खटका दाबला की त्या नावाचा स्वर सर्व सप्तकांत एकदम कोमल, शुद्ध किंवा तीव्र होतो. म्हणजे खटके एकदा लावून ठेवले की वाद्यावर जणू एक थाट मांडला जातो आणि मग हात कुठूनही कुठेही फिरवला तरी वर्ज्य स्वराला धक्का लागत नाही. आपल्या कानांना हे स्वरमंडल, म्हणजे गायक मांडीवर घेऊन छेडतात ते तारवाद्य, आहे. किशोरीताई किंवा बडे गुलाम अली खाँ गाताना मधूनच स्वरमंडलावरून बोटे फिरवत आणि रागाचा सगळा प्रदेश एका लाटेत समोर येई, त्याच्याशी अ‍ॅलिस यांच्या या लहरींचे नाते फार जवळचे आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे स्वरमंडल गळ्याच्या सेवेत असते आणि इथे तेच पुढे येऊन बोलते.

फॅरो सँडर्स यांचा सोप्रानो सॅक्सोफोन या दोहोंच्या वर येतो. सँडर्स हे जॉन यांच्या अखेरच्या संचातले, किंकाळीपर्यंत जाणाऱ्या सुरासाठी ओळखले जाणारे वादक. इथे ते थोडक्या स्वरांच्या वर्तुळात फिरत राहतात, एखाद्या स्वरावर कंप देतात आणि पुन्हा आत येतात. याला आपल्या अर्थाने बढत म्हणता येणार नाही, कारण स्वरामागून स्वर खुला करण्याची ती शिस्त इथे नाही आणि तसा दावाही नाही. मात्र सुरांच्या मागे बदलत जाणारे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) नसल्यामुळे वादकाला कुठेतरी ‘पोहोचण्याची’ निकड उरत नाही, आणि एका जागी राहून विस्तार करण्याची मुभा मिळते. ढोलांवर रशीद अली आहेत. जॉन यांच्याबरोबर १९६७ साली केवळ दोघांनी केलेल्या मुद्रणात लयीला मोकाट सोडणारा हा माणूस इथे इतक्या संयमाने वाजवतो, की दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर विश्वास बसत नाही. माझ्या मते या दोन परंपरांची खरी भेट इथे, काळ वापरण्याच्या पद्धतीत, झाली आहे.

‘शिव-लोक’ ही दुसरी रचना याच वळणाची, पण हार्पला अधिक जागा देणारी. तिसरीचे नाव ‘स्टॉपओव्हर बॉम्बे’. डिसेंबर १९७० मध्ये ठरलेल्या भारत-सिलोनच्या दौऱ्यातल्या मुक्कामावरून ते दिलेले आहे. मुद्रण मात्र त्याआधीचे, नोव्हेंबरमधले, न्यूयॉर्कजवळच्या डिक्स हिल्स येथील त्यांच्या घरच्या स्टुडिओतले. तेव्हा मुंबईकराने यात गिरगाव किंवा गेटवे शोधत बसू नये. ही न पाहिलेल्या शहराची मुंबई आहे. रचना जेमतेम तीन मिनिटांची आहे आणि रंगात येते तोच संपते, ही माझी तक्रार.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूविषयी माझा उत्साह थोडा कमी होतो. ‘समथिंग अबाउट जॉन कोल्ट्रेन’मध्ये अ‍ॅलिस हार्प सोडून पियानोवर बसतात. वादन उत्तम आहे, पण तानपुरा आणि पियानो यांचे जमणे मुळातच अवघड. नीट लावलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू (तार न छेडता आपोआप उमटणारा) गंधार ऐकू येतो, त्याची जागा पियानोच्या समान अंतरांनी कापलेल्या सप्तकात नसते. आपल्याकडे हाच वाद पेटीवरून झाला आणि १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बाहेरचा रस्ता दाखवला. सुरेलपणाला सर्वोच्च मानणाऱ्या किराणा घराण्यावर पोसलेल्या कानाला इथे तानपुरा उपरा वाटेल. शेवटची ‘आयसिस अँड ओसायरिस’ जुलै १९७० मधल्या जाहीर कार्यक्रमात मुद्रित झालेली आहे. तीत तानपुऱ्याऐवजी ऊद हे अरबी तारवाद्य आहे, बेसवर चार्ली हेडन आहेत आणि दैवते इजिप्तची आहेत. काहींना तीच सर्वांत आवडते. मला ती या प्रवासातून निघालेली वेगळी वाट वाटते.

आता प्रश्न तत्त्वज्ञानाचा. त्या दशकात पाश्चात्त्य तबकड्यांवर देव, कमळे आणि ओंकार यांचा सुकाळ होता आणि त्यातले पुष्कळसे नुसते वेष्टन होते. अ‍ॅलिस यांनी मुखपृष्ठाच्या मागे लिहिलेल्या टिपणात श्रोत्याने गुरूंच्या प्रेमसागरावर तरंगत पैलतीरी जाण्याची कल्पना करावी, असे सुचवले आहे. भवसागराची ही प्रतिमा कीर्तनात वाढलेल्या माणसाला इतकी ओळखीची आहे, की तो तिच्याकडे पाहून फक्त मान हलवील. पण अ‍ॅलिस तिथेच थांबल्या नाहीत. १९७२ मध्ये त्या कॅलिफोर्नियात गेल्या, वेदान्ताचे केंद्र काढले, संन्यास घेऊन तुरीयसंगीतानंद झाल्या, १९८३ मध्ये आश्रम उभा केला, आणि व्यावसायिक मुद्रणापासून अनेक वर्षे दूर राहून तिथे भजने म्हणत व म्हणवून घेत राहिल्या. त्या भजनांचे शब्द संस्कृत आणि ठेका डेट्रॉइटच्या चर्चमधला. प्रस्तुत ध्वनिमुद्रिका त्या वाटेच्या आरंभाची आहे, म्हणून तिच्यातल्या भक्तीला मी सजावट म्हणणार नाही.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. राग ऐकायला मिळेल या अपेक्षेने कोणी ही घेतली तर त्याची निराशा होईल. इथे ना पकड आहे, ना सम, ना बंदिश. दुसरे, ही भ्रमणध्वनीच्या भोंग्यावर ऐकण्यात काहीच हशील नाही, कारण त्यात मॅकबी यांचा बेस पार नाहीसा होतो आणि उरते ती नुसती तारांची झुळझुळ. चांगले स्पीकर किंवा हेडफोन हवेत. एकूण लांबी सुमारे ३७ मिनिटे आहे. पहिली बाजू सलग ऐकावी आणि दुसरी वेगळ्या वेळी.

आवडलीच, तर पुढे थेट ‘कीर्तन : तुरीय सिंग्ज’कडे जावे. रवी कोल्ट्रेन यांनी २०२१ साली प्रकाशात आणलेल्या या मुद्रणात अ‍ॅलिस यांचा आवाज आणि ऑर्गन एवढेच आहे. टाळ-मृदंग आणि गजर यांची सवय असलेल्यांना ते कीर्तन फार संथ वाटेल, पण रात्री काकड्याआधीच्या वेळी ऐकून पाहण्यास हरकत नाही.