लाइन, लोड आणि शेजारचे दोन स्विच : जीएफसीआय आउटलेटचे परीक्षण

अमेरिकी पद्धतीच्या घरांत वॉशबेसिनशेजारी ‘टेस्ट’ आणि ‘रिसेट’ अशी दोन बटणे असलेले जे आउटलेट (प्लगचे सॉकेट) दिसते, ते जीएफसीआय (ग्राउंड फॉल्ट सर्किट इंटरप्टर), म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे. मी २० अँपिअरचे, स्वतःची तपासणी स्वतःच करणारे आउटलेट घेतले आणि ज्या बॉक्समध्ये दिव्याचा व एक्झॉस्ट पंख्याचा असे दोन स्विच आधीपासून होते, त्याच बॉक्समध्ये ते बसवून पाहिले. एकटे आउटलेट बसवायला फारशी अक्कल लागत नाही. स्विचच्या सोबतीने बसवायचे म्हटले की मात्र त्याची बनावट आणि सोबतचे माहितीपत्रक या दोन्हींचा कस लागतो.

फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ४ ते ६ मिलिअँपिअरचा फरक पडला की हे यंत्र क्षणार्धात वीज तोडते. साध्या ब्रेकरला एवढ्या गळतीची दखलही नसते. अर्थिंगची वायर नसलेल्या जुन्या घरातही ते आपले काम करते, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र एखाद्याने एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लावला, तर त्याला ते वाचवू शकत नाही, कारण तेव्हा जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच असतो.

आउटलेटच्या मागे स्क्रूच्या दोन जोड्या आहेत. ‘लाइन’ म्हणजे मेनकडून येणारी वीज, आणि पिवळ्या चिकटपट्टीखाली झाकलेली ‘लोड’ म्हणजे पुढे जाणारी, संरक्षण मिळालेली वीज. दिव्याचा स्विच लोडवर घेतला तर हेअर ड्रायरच्या गळतीने आउटलेट ट्रिप होताच दिवाही विझतो आणि ओल्या फरशीवर अंधारात रिसेटचे बटण चाचपडत बसावे लागते. म्हणून दिवा लाइनवरच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी येणाऱ्या फेजला वायर नटखाली (वायरींची टोके एकत्र पिळून धरणारी टोपी) छोटे तुकडे जोडून एक आउटलेटच्या लाइनकडील पितळी स्क्रूला आणि एक स्विचला द्यावा. एका स्क्रूखाली दोन वायरी कोंबू नयेत.

इथपर्यंत बहुतेकांचे बरोबर जमते. घोटाळा होतो तो न्यूट्रलचा. स्विचला फेज लाइनकडून दिला, पण दिव्याची पांढरी (न्यूट्रल) वायर मात्र लोडच्या रुपेरी स्क्रूला लावली, तर आउटलेट रिसेट होते, ठीक चालल्यासारखे वाटते, आणि दिवा लावताच ट्रिप होते. दिव्याचा प्रवाह यंत्राला चुकवून गेला आणि परतताना मात्र त्याच्यातून आला, म्हणून त्याला ती गळती वाटते. पुष्कळ लोक इथेच आउटलेट खराब निघाले म्हणून परत करतात. ज्याचा फेज ज्या बाजूचा, त्याचा न्यूट्रलही त्याच बाजूचा, एवढे एक वाक्य माहितीपत्रकात ठळक असायला हवे होते. त्यात आकृत्या आहेत, पण त्या सगळ्या आउटलेटमागे आउटलेट जोडण्याच्या. स्विच एकाही आकृतीत नाही. या वस्तूबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच.

पंख्याचे गणित वेगळे. शॉवरच्या थेट वर बसवायच्या पंख्याला त्याचे उत्पादक सहसा जीएफसीआयचे संरक्षण मागतात, तेव्हा त्याच्या स्विचचा फेज आणि पंख्याचा न्यूट्रल दोन्ही लोडवर घ्यावे लागतात. पण पंखा आणि दिवा एकाच उपकरणात असून दोघांना मिळून एकच न्यूट्रल असेल, तर एकाला लाइनवर आणि दुसऱ्याला लोडवर ठेवता येत नाही. तिथे दोन्ही लोडवर घेऊन अंधाराची गैरसोय पत्करावी, नाहीतर वेगळी केबल ओढावी.

बनावट उत्तम आहे. स्क्रूखालच्या पट्ट्या सोललेली वायर घट्ट धरतात, ओढून पाहिली तरी ती हलत नाही. जाडी मात्र त्रास देते: वायर नट, अर्थिंगचे जोड आणि दोन स्विच असलेल्या उथळ बॉक्समध्ये हे धूड मागे सारताना वायरी घडीघडीने दुमडाव्या लागतात. बॉक्स जुना असेल तर खोल बॉक्सही सोबतच आणावा. काम सुरू करण्याआधी ब्रेकर पाडून प्रत्येक वायर टेस्टरने तपासावी, कारण अशा बॉक्समध्ये कधीकधी दोन वेगवेगळ्या ब्रेकरची वीज आलेली असते. वायरी ओळखू येत नसतील, तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

स्वयंतपासणी २०१५ पासून अमेरिकेतील यूएल ९४३ या मानकाने सक्तीची केली आहे. तरीही महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबायचेच असते. हे आउटलेट खोक्यातून ट्रिप झालेल्या अवस्थेतच बाहेर येते आणि लाइनच्या स्क्रूंवर वीज आल्याशिवाय रिसेट होत नाही, त्यामुळे लाइन आणि लोडची अदलाबदल झाली असेल तर ते लगेच कळते. टेस्ट दाबल्यावर आउटलेट बंद पडून दिवा मात्र जळत राहिला, तर जोडणी आपल्याला हवी तशी झाली असे समजून झाकणपट्टी लावावी.