बोट ओढण्यासाठी क्लुगर हायब्रिड: दीड टनापर्यंत उत्तम

मेलबर्नमध्ये राहून पोर्ट फिलिप उपसागरात मासेमारीसाठी बोट बाळगायची, तर बहुतेक कुटुंबांना आठवडाभर शाळा-कार्यालयाची ये-जा करणारी आणि शनिवारी ट्रेलर ओढणारी अशी एकच गाडी हवी असते. या दुहेरी कामासाठी आम्ही ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना जोर मिळणारी) टोयोटा क्लुगर हायब्रिड निवडली; पेट्रोल इंजिन व विद्युत मोटर अशा दोन्हींवर चालणारी ही सात आसनी गाडी आहे. आमची बोट साडेपाच मीटरची, फायबरग्लासची आहे.

क्लुगरची ओढण्याची क्षमता, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असल्यास, २००० किलो आहे. हा आकडा वाचून बोटीच्या जाहिरातीतील वजनाशी त्याची तुलना करणे मात्र फसवे ठरते, कारण ते वजन अनेकदा रिकाम्या सांगाड्याचे असते आणि त्यात आउटबोर्ड (बोटीच्या मागे बसवलेले) इंजिन, ट्रेलर, बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी व इंधन मिळवावे लागते. नुसते १०० लिटर पेट्रोलच सुमारे ७५ किलो भरते. म्हणून बोट पूर्ण भरून सार्वजनिक वजनकाट्यावर नेणे हाच खात्रीचा मार्ग. शिवाय टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, पडणारा भार, जो साधारणपणे ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात, तो गाडीतील सामानाच्या वजनातच मोजला जातो. सातही आसने भरून, वर डबे-पिशव्या घेऊन निघणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

गाडीची खरी परीक्षा महामार्गावर नव्हे, तर बोट पाण्यात उतरवण्याच्या व बाहेर काढण्याच्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर होते. बोट पाण्याबाहेर ओढताना भार मागे सरकतो, टोबॉलवरील वजन मागच्या आसाच्याही मागे पडत असल्याने पुढची चाके हलकी होतात आणि केवळ पुढच्या चाकांवर चालणारी गाडी नेमकी त्याच क्षणी जागीच चाके फिरवू लागते. वेस्टर्न पोर्ट उपसागरासारख्या मोठ्या भरती-ओहोटीच्या ठिकाणी, ओहोटीला रॅम्पचा शेवाळलेला भाग उघडा पडला की ही अडचण दुप्पट होते. क्लुगरच्या या आवृत्तीत मागच्या चाकांना स्वतंत्र विद्युत मोटर आहे आणि ती शून्य वेगापासूनच जोर देते, त्यामुळे आमची बोट ओल्या काँक्रीटवरूनही विनाझटका वर येते. कमी वेगात गाडी अलगद पुढे-मागे सरकवता येते, हे ट्रेलर उलटा नेताना फारच उपयोगी पडते.

लांब चढावर मात्र इंजिन सतत चढ्या आवाजात चालते, आणि कंपनीने सांगितलेला १०० किलोमीटरला ५.६ लिटर हा खप बोट मागे असताना विसरावा. बसण्याची सोय व शांतता यांविषयी तक्रारीला जागा नाही.

ऑस्ट्रेलियात ७५० किलोंहून जड ट्रेलरला ब्रेक बंधनकारक आहेत. २००० किलोंच्या वर सर्व चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटल्यास ते आपोआप लावणारी यंत्रणा लागते. भरलेली बोट ट्रेलरसह दीड टनाच्या आत असेल, तर क्लुगर निःशंक घ्यावी. १८०० किलोंच्या पुढे कागदोपत्री ती चालते, पण मी तिची शिफारस करणार नाही. तिथे ३५०० किलो ओढणारी फोर्ड रेंजर किंवा टोयोटाचीच नवी प्राडो पाहावी, मग शहरात पार्किंग शोधताना थोडा मनस्ताप झाला तरी चालेल. क्लुगर घेणाऱ्यांनी टोबार (टोबॉल बसवायचा दांडा) व ट्रेलरच्या दिव्यांचे वायरिंग यांचा खर्च वेगळा धरावा.