यामाहाच्या वायएमएफ७१९ चिपचे साउंड कार्ड : काही महिन्यांच्या वापरानंतर

पेन्टियम प्रोसेसरच्या जुन्या संगणकात वायएमएफ७१९ चिपचे आयएसए (जुन्या संगणकांतील कार्ड बसवण्याच्या स्लॉटचा प्रकार) साउंड कार्ड मी गेले काही महिने नियमितपणे वापरत आहे आणि डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील खेळांचे संगीत ऐकण्यासाठी आजवर वापरलेल्या कार्डांमध्ये मला हेच सर्वांत समाधानकारक वाटले. त्या काळी खोक्यावर ‘१६ बिट’ ही अक्षरे ठळकपणे छापलेली असत आणि आजही जुने कार्ड घेताना अनेक जण तेवढेच पाहतात. मात्र तो आकडा संवाद किंवा बंदुकीचा बार यांसारख्या ध्वनिमुद्रित आवाजांपुरता आहे. या खेळांचे संगीत बहुतेक वेळा एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) चिप जागच्या जागी घडवत असते.

एका तरंगाने दुसऱ्याची वारंवारिता सतत बदलत ठेवून नवा नाद निर्माण करण्याचे हे तंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांचे. यामाहाने ते परवान्याने घेतले. १९८७ सालच्या अ‍ॅडलिब या साउंड कार्डावरील यामाहाच्या ओपीएल२ या एफएम चिपमध्ये प्रत्येकी दोन ऑपरेटरांचे (तरंग निर्माण करणाऱ्या घटकांचे) ९ चॅनल आणि ४ तरंगाकार होते. तिच्या पुढच्या ओपीएल३मध्ये १८ चॅनल, ८ तरंगाकार आणि स्टिरिओ आले, शिवाय चार ऑपरेटर जोडून अधिक भरीव स्वर काढण्याची सोयही मिळाली. वायएमएफ७१९मध्ये यामाहाचा हाच ओपीएल३ अंतर्भूत आहे. माझ्याकडील दुसऱ्या एका कार्डावर एफएमची नक्कल आहे. तिच्यावर खर्जातले स्वर ठीक वाटतात, परंतु झांज आणि घंटा पत्र्यावर काठी आपटल्यासारख्या ऐकू येतात. या कार्डावर त्याच झांजेचा नाद नीट विरत जातो.

‘डूम’ हा खेळ मुळात ओपीएल२च्याच पद्धतीने वाजतो. डॉसमध्ये ‘डीएमएक्सऑप्शन’ या चलाला (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला) ‘-ओपीएल३’ हे मूल्य दिले की तो स्टिरिओत वाजू लागतो, आणि हा बदल प्रत्येकाने एकदा तरी हेडफोन लावून ऐकावा असे मी आग्रहाने सांगेन. ओपीएल३मध्ये स्वर डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे एवढेच पर्याय असल्यामुळे वाद्ये ठळकपणे वेगळी होतात. काहींना ते खटकेल, मला आवडते.

कार्ड साउंड ब्लास्टर प्रो या त्या काळच्या लोकप्रिय साउंड कार्डाशी सुसंगत असल्याने त्या कार्डासाठी लिहिलेले स्टिरिओ आवाजही मिळतात, जे त्याच मालिकेतील नंतरच्या साउंड ब्लास्टर १६वर एकाच वाहिनीचे, म्हणजे मोनो होतात. उलट, केवळ साउंड ब्लास्टर १६चा १६ बिट आवाज मागणाऱ्या प्रोग्रामना याचा उपयोग नाही. प्लग अँड प्ले, म्हणजे सॉफ्टवेअरने मांडणी ठरवण्याच्या प्रकारचे असल्यामुळे डॉस सुरू होताना कार्ड जागे करावे लागते. त्यासाठी मी ‘युनिसाउंड’ हा प्रोग्राम वापरतो आणि पोर्ट २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ (संगणकाने कार्डाशी संपर्क साधण्याचे क्रमांक) ही नेहमीची मांडणी ठेवतो. मिक्सरमध्ये माइक आणि लाइन-इन बंद केल्यावर पार्श्वभूमीची सळसळ जवळजवळ ऐकू येत नाही.

विकत घेताना कार्ड बनवणाऱ्याच्या नावापेक्षा चिपवरील अक्षरे वाचावीत आणि फुगलेले कपॅसिटर आहेत का ते पाहावे. आयएसए स्लॉट नसलेल्या संगणकासाठी हे कार्ड निरुपयोगी आहे. असा संगणक असणाऱ्यांनी डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या ज्या आवृत्त्यांत न्यूक्ड ओपीएल३ (ओपीएल३ची सॉफ्टवेअरमधील नक्कल) आहे, त्यांपैकी एखादी वापरावी.