केनिया सफारी, सप्टेंबर : मसाई मारा आणि आंबोसेली पैसे वसूल, एजंटाचं वेळापत्रक मात्र तसंच्या तसं घेऊ नका

गणपतीची चवथ आटोपली आणि आम्ही तिघं, मी, नवरा आणि माझे बाबा, केनियाला जाऊन आलो, 8 दिवस. बाबा वनखात्यातून रिटायर झालेत, सगळी नोकरी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या जंगलात गेली, त्यांना एकदा तरी सिंह मोकळा फिरताना दाखवायचा हे कितीतरी वर्षं मनात होतं. विमान धरून माणशी साडेतीन लाखांच्या आसपास गेले म्हणून जरा सविस्तर लिहिते, फोंड्या-म्हापशाकडून कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल.

आधी तक्रार. ज्या एजंटाकडे बुकिंग केलं त्याने पिवळ्या तापाच्या लसीचं सांगितलं निघायच्या जेमतेम दोन आठवडे आधी. ही लस जायच्या किमान 10 दिवस अगोदर घ्यावी लागते, आणि तिचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून ठेवतात. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेली केंद्रंच आहेत, आम्ही वास्कोला बंदराच्या आरोग्य ऑफिसात जाऊन घेतली, धावपळ झाली ती झालीच. एकदा घेतली की जन्मभर चालते, तेव्हा तिकीट काढायच्या आधीच घेऊन ठेवा. व्हिसाचं उलट सोपं झालंय, जानेवारी 2024 पासून व्हिसा नाही, ऑनलाइन ईटीए म्हणजे प्रवासाचा परवाना काढायचा, तो आम्ही घरी बसून काढला.

दुसरी चूक वेळापत्रकाची. आंबोसेली, नाकुरू, मारा अशा तीन अभयारण्यांत पळवलं. नकाशावर जवळ दिसतं पण आंबोसेलीहून नाकुरू म्हणजे नैरोबीचा ट्रॅफिक पार करून अख्खा दिवस गाडीत, बाबांची कंबर धरली. नाकुरूला गेंडे दिसले, छान दिसले, पण फोटोत बघतो तसा फ्लेमिंगोंचा गुलाबी काठ आता तिथे नाही, तळ्याचं पाणी वाढलंय आणि बरेचसे पक्षी बोगोरिया या दुसऱ्या तळ्याकडे गेलेत. हे आधी कोणी सांगितलं असतं तर ती रात्र आम्ही मारालाच दिली असती.

आंबोसेलीला मात्र 5 पैकी 5. किलीमांजारो आहे टांझानियात पण दिसतो इथून, त्याचं पाणी जमिनीखालून येऊन इथे दलदल होते आणि त्या हिरव्यागार चिखलात पोटापर्यंत बुडालेले हत्ती चरत असतात. सिंथिया मॉस या संशोधक बाईंनी 1972 पासून इथल्या हत्तींचा अभ्यास चालवलाय, एकेक कुटुंब, कोण कोणाची आई, कोण कोणाची मावशी, सगळं लिहून ठेवलेलं. बाबा म्हणाले आमच्याकडे तिळारीचे हत्ती दोडामार्गात उतरले की केळी-माडांचं किती नुकसान झालं तेवढंच लोकांना ठाऊक, हत्ती कोण ते कोणाला माहीत नाही.

आता मारा. पहिलं म्हणजे थंडी. आफ्रिका म्हणून सुती कपडे नेले तर पहाटे साडेसहाला उघड्या छताच्या लँड क्रूझरमध्ये दात वाजतील, ही सगळी जागा दीड हजार मीटर उंचीवर आहे. जाकीट, कानटोपी घ्याच. फी जबर आहे, जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाला 200 डॉलर, जानेवारी ते जून 100. विल्डबीस्टचे (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) कळप मारात जुलै ते ऑक्टोबर असतात म्हणून ही गर्दी. नदी ओलांडणं आम्हाला दिसलं, एकदाच, तीन तास थांबून. हजारो जनावरं काठावर येतात, मागे फिरतात, परत येतात, आणि मग एक उडी मारतो की सगळा लोंढा पाण्यात, धूळ, हंबरणं, मगरी, माझे हात थरथरत होते. पण राग पण आला. काही गाड्या अगदी काठाला, जनावरांच्या वाटेवरच नेऊन लावल्या होत्या, एका कळपाने त्यामुळेच पाठ फिरवली. आमच्या गाइडने गाडी लांब ठेवली, फोटो लहान आले, मला तेच बरोबर वाटलं. बुकिंग करताना हे स्पष्ट विचारून घ्या.

गाइड खरोखर ग्रेट होता. स्वाहिलीत पण गाडीला गारी, चहाला चाय, चपातीला चपाती, तिथेच बाबांची आणि त्याची गट्टी जमली. दुसऱ्या दिवशी इंपाला हरणांचा कळप एकाच दिशेला मान करून गप्प उभा होता, बाबांनी त्याच्या खांद्याला हात लावून नुसतं बोट दाखवलं, त्याने मान हलवली, इंजिन बंद. वीस मिनिटांनी झाडाखालच्या गवतातून बिबटा उठला. नंतर बाबा सांगत होते, आमच्याकडे मेरू म्हणजे सांबर ओरडला की आम्ही असेच थांबायचो. आणि चित्ता दिसला तो चक्क रोयणीवर, म्हणजे वारुळावर बसलेला, उंचावरून शिकार हेरायला ते असे चढतात. बाबांनी टोपी काढून हात जोडले. गाइडला कळेना, मग आम्ही त्याला सांगितलं की आमच्याकडे रोयण म्हणजे सातेरी, देवी.

शेवटच्या दोन रात्री रिझर्व्हच्या बाहेर कॉन्झर्व्हन्सीत होतो. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशा बऱ्याच आहेत, जमीन मसाई लोकांची, कँपवाले त्यांना दरमहा भाडं देतात, गाड्या मोजक्याच आणि रात्रीची सफारी पण करता येते. महाग आहे पण कुठे पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नका, नाकुरू गाळा. कँपवरच्या मसाई माणसाला बाबांनी विचारलं, सिंहाने गाय मारली तर काय करता? जानेवारी 2020 ला आमच्या सत्तरीतल्या गोळावलीत चार वाघ विष घालून मारले गेले, ते बाबांच्या मनातून जात नाही. त्याने लपवलं नाही, 2015 मध्ये इथेही सिंहांना विष घातलं होतं म्हणाला. मग म्हणाला आता भाडं येतं, सिंह आहे म्हणून भाडं आहे, आणि गुरं रात्री जाळीच्या कुंपणात घेतो. बाबा बराच वेळ त्या कुंपणाची उंची, जाळीची गेज विचारत बसले.

जेवणाची काळजी नको, डाळ-चपाती सगळीकडे. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि सोबत सुकुमा विकी या पाल्याची भाजी, आपल्या तांबड्या भाजीसारखी पण खोबऱ्याशिवाय, मला आवडली. नेवऱ्या (करंज्या) न्यायच्या तर डब्यात न्या, 2017 पासून तिथे प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे. निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से ही चावणारी माशी त्यावर येते. आणि दुर्बीण प्रत्येकाला वेगळी पाहिजे, आम्ही तिघांत एकच नेली होती, शेवटी गाइडने स्वतःची बाबांच्या गळ्यात घातली ती नैरोबीला परत येईपर्यंत काढून घेतली नाही.