बटाट्याला रासायनिक खत बंद करून कंपोस्ट घातलं, एका रब्बीचा अनुभव

आमचं शेत सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावच्या बाजूला, मध्यम जमीन. नोव्हेंबरात दहा गुंठे बटाटा लावला, बेणं पंजाबचं, पुखराज जातीचं. पाच गुंठ्याला नेहमीसारखं १०:२६:२६ हे मिश्र खत आणि युरिया, आणि पाच गुंठ्याला फक्त घरचं कंपोस्ट, एक ट्रॉली भरून. बाकी पाणी, भर, फवारणी सगळं सारखं.

ढीग एप्रिलमध्येच लावलेला. शेण, उसाचं पाचट, गोठ्यातली उरलेली वैरण, थोडं हिरवं तण. पाचट लय चिवट, त्याला शेण कमी पडलं की महिनोन्महिने तसंच राहतं, म्हणून शेणकाला ओतत राहिलो, दर महिन्याला पलटी मारली आणि पावसाळ्यात वर ताडपत्री टाकली, नाहीतर त्यातलं सत्त्व पावसानं धुवून जातं.

पहिला महिना उगवण दोन्हीकडं सारखीच. पण पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या, म्हणजे डिसेंबरच्या सुमाराला थंडी वाढली आणि कंपोस्टची बाजू पिवळट पडली. तेव्हा खरंच काळजी लागली, चुलते तर म्हणाले अजून वेळ गेली नाही, युरिया टाकून मोकळा हो. पिवळं पडायचं कारण असं की कंपोस्टमधला नत्र जिवाणूंनी सोडायचा असतो आणि गारठ्यात त्यांचं काम मंदावतं, युरिया मात्र पाणी मिळालं की काही दिवसात लागू होतो, आणि बटाट्याला तर तीन महिन्यातच सगळं खायचं असतं. मी युरिया टाकला नाही. जानेवारीत पाला सुधारला पण उशीरच झाला.

काढणीला रासायनिक बाजूला ५० किलोची २५ पोती निघाली, कंपोस्टला २१. त्यातही शेवटच्या तीन सऱ्यांत माझीच चूक नडली. खत कमी पडलं म्हणून ढिगाच्या कडेचं अर्धं कच्चं उचलून टाकलं, तर तिथं हुमणी अळीनं बटाटे पोखरले आणि सालीवर खरबरीत डागांचा खवड्या रोग आला. एवढं सांगतो, कच्चं शेणखत बटाट्याला अजिबात घालू नका, त्यापेक्षा खत कमी पडलेलं परवडलं.

आता चांगलं ते. त्या बाजूला पाणी दोन दिवस उशिरा दिलं तरी माती भेगाळत नव्हती. काढताना ढेकूळ हाताने फुटायचं, बटाटा स्वच्छ बाहेर यायचा. कुदळ लागून कापलेले बटाटे अगदी थोडे, आणि पलीकडच्या बाजूला मात्र घट्ट मातीत तेच जास्त. व्यापाऱ्यानं दर सारखाच दिला, याचं वाईट वाटलं.

चार पोती कमी आली तरी मी हे सोडणार नाही. पुढच्या रब्बीला कंपोस्ट महिनाभर आधी मातीत मिसळणार आणि त्याच्या आधी त्या तुकड्यात घेवडा घेणार, म्हणजे थंडीत नत्राची ओढ कमी बसेल. नवा ढीग लावलाय, दोनदा पलटी झाली. पहार आत खुपसून दहा मिनिटांनी काढतो, अजून हात ठेवता येत नाही इतकी तापते, म्हणजे शिजतंय.