चर्चला परत जायला लागलो, आठ महिन्यांचा अनुभव (नागपूर)

चर्च कोणतं ते सांगत नाही, नागपुरातलंच आहे, मराठी उपासना होते, एवढं पुरे.

सोडलं होतं काऊन, तर बाबा गेले तेव्हा पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) मातीला आले आणि मग दोन महिने घराकडे फिरकले नाही, पण त्याच दोन महिन्यांत चर्चच्या कमिटीच्या इलेक्शनसाठी दोन्ही गटांची माणसं आईची सही मागायला येऊन गेली. डोकंच फिरलं. सहा वर्षं गेलो नाही. नंतर आईचे गुडघे गेले, तिला गाडीवर सोडायचो आणि बाहेर टपरीवर चहा पीत बसायचो. मे महिन्यात टपरीपेक्षा आतला कूलर बरा म्हणून आत जाऊन बसलो, खोटं कशाला बोलू.

तर आधी वाईट. भांडणं तशीच आहेत. त्याच कूलरचा पंप जूनमध्ये जळाला, बिल कोणी पास करायचं यावर तीन रविवार नुसती गरम हवा खाल्ली. गंमत म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या (म्हणजे चर्चचे पंथ) एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि आमच्याइथं एका पंपावर एकमत नाही. प्रवचन ठीकठाक, लांबतं.

मग जातो कशाला? पापांगीकारासाठी, म्हणजे उपासनेत सगळे मिळून आपली पापं मोठ्यानं कबूल करतात त्यासाठी. आमच्या पुढच्या बाकावर एक काका बसतात, सहीसाठी आलेल्यांपैकीच. त्यांना आता नीट दिसत नाही, पुस्तकावर बोट फिरवत वाचतात, सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे, आणि मोठ्यानं. सगळे थांबले तरी यांचं एकट्याचं "पाप केले आहे" सुरूच. पहिल्यांदा हसू आलं. मग वाटलं, हा माणूस दर रविवारी चारचौघांत हे बोलून राहिला, आणि मी प्लॉटवरून भावाशी चार वर्षं बोललो नाही त्याचं काय, टपरीवर तर ते कोणी विचारत नव्हतं. त्या दिवशी घरी येताना हलकं वाटलं, का ते नीट सांगता नाही येत.

दुसरं म्हणजे गीतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं पेटीवर सुरू झाली की आई पुस्तक न उघडता म्हणते. टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यापायी लक्ष्मीबाईंना काही वर्षं नवऱ्यापासून वेगळं राहावं लागलं, म्हणजे घरच्यांना त्रास त्यांनीही कमी नाही दिला. तरी शंभर वर्षांनंतर माझ्या आईचा श्वास त्याच ओळींवर शांत होतो, आणि बाजूला बसून माझापण. आणि भांडणांचं म्हणाल तर बायबलात प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला झापलंच होतं की प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घ्यायला) जमता आणि एकजण उपाशी, एकजण प्यायलेला. म्हणजे हे सगळं पहिल्यापासूनच आहे.

भावाला डिसेंबरमध्ये फोन केला. प्लॉटचं काही झालं नाही, पण नाताळला आला, करंज्या घेऊन गेला.

पाळकसाहेब अजून घरी आले नाही. आई म्हणते तूच बोलाव न बे. या रविवारी विचारतो.