दारावर येणारे खतवाले: पर्थमध्ये माझे ६४५ डॉलर गेले

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये दारोदार फिरून बागेची 'वार्षिक पोषण योजना' विकणाऱ्यांपासून सावध राहा. माझे ६४५ डॉलर गेले. ४८० योजनेचे, १६५ पहिल्या गोण्यांचे. दोन बँक्सिया आणि ग्रेव्हिलियाचं अख्खं कुंपण (दोन्ही इथली स्थानिक झाडं) त्या खताने जळालं ते वेगळंच.

माणूस ऐन जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात आला. मातीत धातूचा दांडा खुपसला, काटा शून्यावर. "जमिनीत काही उरलंच नाही," म्हणाला. तिथेच ओळखायला हवं होतं! असल्या दांड्याचा काटा ओलाव्यावर हलतो, कोरड्या ठणठणीत वाळूत तो शून्यच दाखवणार. शेजारी भरलेली झारी होती. थोडं पाणी ओतून पुन्हा बघा म्हटलं असतं तर त्याचं पितळ जागेवर उघडं पडलं असतं. अजून रात्री तेच आठवतं आणि संताप होतो.

पण गणवेश, ओळखपत्र, छापील अहवाल घेऊन आलेल्यावर कोण संशय घेईल? आपण वाढलो ते उन्हाळा सरला की पाऊस, पाऊस पडला की खत, या हिशोबात. इथे पाऊस थंडीत पडतो आणि जानेवारीत झाडं नुसती तग धरून असतात. तेव्हा खत घालायचंच नसतं. एप्रिल-मेमध्ये पाऊस सुरू झाला की थोडं, मग सप्टेंबरात. लॅव्हेंडर, रोझमेरीला जवळजवळ नकोच. लिंबू तेवढं खादाड.

गोण्यांवर 'स्थानिक झाडांसाठी खास' असा स्टिकर, एन-पी-केचे (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम किती ते सांगणारे) आकडे कुठेच नाहीत. पानांच्या कडा करपायला लागल्यावर मी स्टिकर खरवडला. खाली सुपरफॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं खत! फॉस्फरस ९ टक्के! बँक्सिया-ग्रेव्हिलियाची मुळं निकस जमिनीतून कणकण फॉस्फरस ओढून घ्यायला घडलेली असतात, जास्त मिळाला की तो विषासारखा भिनतो. आकडे नसलेली गोणी घेऊ नका. फॉस्फरस ३ टक्क्यांच्या वर असेल तर या झाडांजवळ नेऊही नका. उरलेला फॉस्फरस वाळूतून झिरपत पर्थच्या स्वान नदीला मिळतो आणि तिथे शेवाळ माजतं.

आता दाद मागायची कुठे? बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस म्हणतात, हा व्यवहाराचा वाद आहे. ग्राहकांच्या तक्रारी घेणारं कार्यालय कराराची प्रत मागतं. अहो, प्रत दिली नाही हीच तर तक्रार आहे! दारावर १०० डॉलरच्या वर काही विकलं तर लेखी करार द्यावा लागतो, कामकाजाच्या १० दिवसांत तो रद्द करता येतो, आणि तोवर पैसे घ्यायला मनाई आहे. हा त्यांचाच कायदा! तो लिहून पाठवला तर उत्तर आलं, "विक्रेत्याशी थेट बोलून पाहा." त्याचा फोन बंद आहे म्हणूनच तुमच्याकडे आले ना? नंतर पत्र आलं, "आपली माहिती नोंदवून ठेवली आहे." नोंदवून काय उपयोग? तो माणूस आजही कुणाच्या तरी अंगणात दांडा खुपसत असेल.

दारात पैसे देऊ नका. दिले असतील तर त्याच दिवशी बँकेला फोन करा, आणि गोण्या फेकू नका, तोच पुरावा. माती तपासायचीच असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा.